मायला विचारलंच नाही

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या मायला ओळखत नाही, म्हणून असेल.

माय चाकूरला एकटी राहायची. वाकळ धुतली, ओली उचलायला गेली आणि पाठीत कट्कन वाजलं. महिना उलटला तरी कूस बदलता येईना. शेवटी नांदेडला मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला बाहेर स्ट्रेचरवर ठेवून त्यांनी मला फोटो दाखवला. हाडं ठिसूळ झालेली, एक मणका पुढून चेपलेला.

डॉक्टर नीट बोलले. पट्ट्यानं, औषधानं पुष्कळांचं दुखणं थांबतं. हिचं थांबत नाहीये. मग सुईवाटे मणक्यात फुगा घालायचा, चेपलेला मणका जमेल तेवढा उचलायचा आणि आत सिमेंट भरायचं. मोठी चिरफाड नाही. धोका थोडा, पण आहे.

"हाड असंच वाकडं जुळलं की मग फारसा उपयोग नाही. आजींना विचारा आणि सांगा."

विचारा — एवढंच तर करायचं होतं!

पण मला काय दिसलं, सांगू? लातूरचं माझं दोन खोल्यांचं घर. एका खोलीत ऋतुजा, माझी लेक — बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी. टीव्ही बंद, पाहुणे बंद. ऑपरेशन केलं तर माय माझ्याकडेच येणार. तिचं कण्हणं, भेटायला येणारं निम्मं गाव... चाकूरला राहिली तर शेजारी चुलती होती तिचं करायला.

मी बाहेर आले. मायनं माझा हात धरला.

"काय म्हनले गं? आपरेशन करा म्हन त्यांला. मला लई सोसंना झालंय."

"या वयात होत न्हाई म्हनले, माय. पट्टा लावायचा."

तिनं डोळे मिटले. "बरं," म्हणाली.

ऑपरेशनला भ्याले होते का मी? तसं मनाला कितीदा सांगून पाहिलं. नाही. मला अडचण नको होती — माझ्या आईची.

मणका वाकडाच जुळला. पुढं वरचा आणखी एक चेपला. समोरच्याचं तोंड बघायचं तर माय आता मान तिरकी करते. पोट दबतं, अर्ध्या भाकरीत हात धुते.

ऋतुजा आता डॉक्टरकी शिकते. परवा दिवाळीत चाकूरला जेवायला बसलो होतो. ती सहज म्हणाली, "आज्जीला तेव्हा सिमेंट का नाही भरलं? वय झालं तरी करतात की."

उत्तर मायनंच दिलं.

"डॉक्टरच न्हाई म्हनले, बाई. तुझ्या मम्मीनं लई हात जोडले त्यांला."

हात मी जोडलेच नव्हते. ते तिनं आपल्याच मनानं धरलेलं — इतकी वर्षं.

"हो का, मम्मी?" ऋतुजानं विचारलं. मायही मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती.

"हाव," मी म्हणाले.