मीठ कमी पडलं

नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात घरगुती कोंबड्यांना लस द्यायला कोणी फिरकत नाही, म्हणून माझी वहिनी स्वतः शिकली. डोळ्यात थेंब टाकायचा आणि तो मुरेपर्यंत कोंबडी सोडायची नाही. घरोघरून तिला बोलावणं येऊ लागलं. सासरी तिला मिळालेला तेवढाच एक मान.

लस लागली की नाही ते तपासून देतो, ही फुशारकी माझी. नागपूरच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी शेळ्या-गाईंच्या सीरमवर गेली. जेलीच्या थरात दोन खड्डे करायचे, एकात रक्तातून निवळलेलं सीरम, दुसऱ्यात रोगाच्या विषाणूचा अर्क. सीरममध्ये अँटिबॉडी असली की मधे पांढरी रेघ उमटते. वहिनीच्या घरच्या कोंबड्यांचं रक्त नागपूरला नेलं, पण एकाही कोंबडीची रेघ उमटली नाही. खात्रीसाठी शेजारी शेळीचा नमुना तिच्या रोगाच्या अर्कासमोर लावला होता, त्याची मात्र झकास उमटली. म्हणजे जेली बरोबर, कोंबड्याच कोऱ्या! मी ऐटीत गावी फोन केला.

बायकांनी वहिनीला बोलावणं बंद केलं.

मग एका सहकाऱ्याने माझी प्लेट उजेडात धरली. "मीठ किती टाकलं गा? कोंबडी आहे ते, बकरी नाही."

कोंबडीच्या सीरमला जेलीत जवळजवळ दहापट मीठ लागतं. उरलेल्या सीरमवर तसं करून पाहिलं, तर प्रत्येक नमुन्याची रेघ उमटली. माझे कान तापले. इतक्या वर्षांचा माणूस, आणि विचारायचंही सुचलं नव्हतं.

एसटीने गावी गेलो. शेजारणींना अंगणात बोलावून सांगितलं की चूक माझी, वहिनीचा हात बरोबर होता. लाजेने मान वर होत नव्हती. बायका हसल्या. एक म्हणाली, "मंग उद्या ये वं आमच्याइकडे."

वहिनी हसली नाही. बायका गेल्यावर हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमचा फोन आला अन् मले वाटलं माहाच हात हुकला. मी घरच्या साऱ्या कोंबड्याइले पुन्हा थेंब टाकले. त्याइले काही होणार त नाही न?"

ती रागावेल म्हणून मी एसटीत उत्तरं जुळवत आलो होतो. या प्रश्नाचं उत्तर जुळवलं नव्हतं.

"काही होत नाही," मी म्हणालो.

तिने याही वेळी लगेच विश्वास ठेवला. मला तिच्याकडे बघवेना.