दगडाखालची पाल

घड्याळवाल्यांना माणसांपेक्षा पालींचा लळा जास्त, असं त्यांची बायको हयात असेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खोटं नव्हतं ते. आठवडाभर दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायची आणि सुट्टीच्या सकाळी कॅमेरा घेऊन टेकडीवर पोटावर पडायचं, ही त्यांची तीस वर्षांची रीत. साप, सरडा, पाल, जे दिसेल ते आहे तिथेच टिपायचं, हात लावायचा नाही. दगड उचललाच तर शेवाळाची बाजू वर ठेवून होता तसा परत ठेवायचा. लेकीला त्यांनी अक्षरांच्या आधी हे शिकवलं.

यंदा त्यांना जाड शेपटीची, पट्ट्यापट्ट्यांची एक पाल सापडली. त्या टेकडीवर तसली कधी कुणी पाहिली नव्हती. एका चपट्या दगडाखाली तिने दोन अंडी घातली होती. पिल्लं बाहेर पडताना बघायला मिळावीत, एवढ्यासाठी घड्याळवाले तिला त्रास नको म्हणून तिकडे न फिरकता दिवस मोजत होते. जागा फक्त लेकीला ठाऊक. जावईबापूही फोटो काढत, पण त्यांना सगळ्याचीच घाई, म्हणून त्यांच्यापुढे घड्याळवाल्यांच्या तोंडाला कुलूप.

आणि परवा प्रदर्शनात पहिलं बक्षीस जावईबापूंना. फोटोत तीच पाल, हिरव्यागार पानावर. जन्मात कधी पानावर न चढणारी. डोळे अर्धवट मिटलेले, रंग उतरलेला. फ्रीजमध्ये गार केलेलं जनावर हलत नाही, हवं तसं बसवता येतं; ही लबाडी घड्याळवाले ओळखून होते. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी सरळ टेकडी गाठली. दगड उलटा पडला होता, वीतभर सरकलेला. अंडी उन्हात सुकून चिंबली होती. पालीचा पत्ता नव्हता. ते तिथेच बसून रडले, त्यात लाज कसली.

तिथून लेकीच्या घरी गेले. जावईबापू बाहेर गेले होते.

"जागा तू सांगितलीस?"

"हो. नुसतं बघून येतो म्हणाले होते, बाबा."

"आणि फ्रीज?"

"वीसच मिनिटं ठेवली. मग मीच तिला तिथे नेऊन सोडली."

घड्याळवाले जरा निवळले. लेक नवऱ्यापुढे नाही म्हणू शकली नसेल. "त्यांचं जाऊ दे. दगड कसा ठेवतात, हे त्यांना कुणी शिकवलंय?"

लेकीने ओटा पुसायला घेतला.

"दगड मी ठेवला, बाबा. ते खाली गाडीत हॉर्न वाजवत होते. कसा ठेवला, बघितलंसुद्धा नाही."

जावयाला चार शब्द सुनवायला आलेले घड्याळवाले दाराकडे वळले. ती चहा टाकते म्हणाली, तोवर त्यांनी चपला घातल्या होत्या. टेकडीवर ते पुढेही जात राहिले. काय सापडलं, हे मात्र त्यांनी तिला पुन्हा कधी सांगितलं नाही.