ओसरीवरची इंडोनेशियनची तोंडी परीक्षा

साल छप्पन-सत्तावन्न असेल. चिंचवडगावात आमच्या घराच्या ओसरीवर माझी इंडोनेशियन भाषेची तोंडी परीक्षा चालू होती... आणि मी नापास होत होतो.

काल नातीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला सगळ्यात जास्त टेन्शन कधी आलं होतं?" म्हणून ही पोस्ट. टाईप तीच करतेय, तेव्हा चुका तिच्या.

पुण्याला विद्यापीठात तेव्हा इंडोनेशियनचा वरचा वर्ग होता. विद्यार्थी आम्ही मोजून तिघं. हे शिकून करणार काय, असं जो तो विचारायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. पण त्या भाषेने वेड लावलं होतं हे नक्की. त्यात त्या वर्षी आमच्यापैकी एकाला पुढच्या शिक्षणासाठी इंडोनेशियातल्या जोगजाकार्ताला पाठवणार होते.

वडील, म्हणजे आमचे तात्या, शेतकरी माणूस. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि तिथे त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "निवड झाली तर बघू. न्हाई तर सोमवारपास्नं कामाला," असं त्यांनी मला बजावलं होतं.

परीक्षक जोगजाकार्ताचेच प्राध्यापक. बारीक अंगाचे, अतिशय मृदू बोलणारे. वर्गात बसून परीक्षा घेणार नाही म्हणाले. मुलाच्या घरी जाऊ, मी त्याच्या वडिलांशी गप्पा मारेन, मध्ये दुभाषा तो... आणि आमच्या सरांनी एक शब्दही बोलायचा नाही.

मोटार दारात आली तसं निम्मं गाव गोळा झालं. आईने साजूक तुपातला शिरा केला होता, शेजारून कपबशा मागून आणल्या होत्या. पाहुणे खुर्चीवर, सर बाकावर, वडील आणि मी सतरंजीवर. बशा पुढ्यात आल्या आणि परीक्षा सुरू झाली.

सुरुवात झकास झाली. विहिरीला पाणी किती, गाव बदलतंय ते आवडतं का, कारखान्यांमुळे शेती राहील का... प्रश्न अवघड होते, पण माझी तयारी दांडगी. वडील म्हणाले, "जमीन ऱ्हाईल, कसणारं ऱ्हाणार न्हाईत," तेही मी असं काही नेटकं सांगितलं की सरांचा चेहरा खुलला.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. पाहुणे शिऱ्याला हात लावेनात.

त्यांनी लावला नाही म्हणून सरांनीही लावला नाही. चहावर साय धरली. पाहुणे हसून एकदा बशीकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, आणि पुढचा प्रश्न विचारायचे. सरांना अचानक खोकला सुरू झाला... थांबेचना!

दाराआडून आई माझ्याकडे बघत होती. वडिलांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आपल्या घरचं चालत न्हाई व्हय रं यान्ला?"

हे कसं विचारू? त्यांच्या खाण्याचे काही नियम असतील का? आपण त्यांचा अपमान केला का? जोगजाकार्ता तर गेलंच, पण वडिलांची मान गावासमोर खाली गेली, हे मला सहन होईना.

वडिलांनी सुस्कारा सोडला. "तू तरी घे, बाबा. आईनं येवढं केलंय."

मी बशी उचलली... आणि हात तिथेच थांबला. मी का थांबलो होतो इतका वेळ? कुणी घे म्हटलं नव्हतं म्हणून! मामाकडे गेलो तरी दोनदा आग्रह झाल्याशिवाय मी ताटाला हात लावत नसे.

आणि वडील तर मघापासून आग्रह करतच होते. "घ्या पाव्हणं." "गार हुतंय." "लाजू नका." दर दोन वाक्यांनंतर. मी विहीर सांगितली, शेती सांगितली, कारखाने सांगितले. हे मात्र किरकोळ म्हणून गाळत गेलो. त्यांच्याकडेही यजमान म्हणाल्याशिवाय पाहुणा घास घेत नाही... लेखी पेपरात यावर पानभर उत्तर लिहून आलो होतो मी!

"सिलाकान, बापाक," मी म्हणालो. घ्या ना, साहेब. "माझे वडील केव्हाचे म्हणताहेत, मीच सांगितलं नाही."

त्यांनी लगेच बशी उचलली. "त्यांचा हात मला दिसत होता," ते म्हणाले, "पण त्यांचा शब्द तू माझ्यापर्यंत आणायला हवा होतास." गार शिरा त्यांनी चाटूनपुसून संपवला. सरांचा खोकलाही थांबला.

निघताना त्यांनी वडिलांना शेवटचा प्रश्न विचारला. तो मी मराठीत सांगितला. "ते विचारताहेत... तुमच्या मुलाला आमच्याकडे पाठवाल का?"

वडिलांनी रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली. आता सोमवार, कारखाना असं काही येणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभा.

"न्या म्हणावं," ते म्हणाले. "पर ह्यो मागून घेत न्हाई. जेवताना ह्याला घे म्हणावं लागतं. तेवढं तिकडच्या घरात सांगून ठिवा."

हे मात्र मी गाळलं नाही. दोनदा अडखळलो, पण शब्दन् शब्द सांगितला.

जोगजाकार्ताला ज्या घरी राहिलो, तिथल्या मालकीणबाई पहिल्याच रात्री ताट पुढे ठेवून "सिलाकान" म्हणाल्या. मग जरा थांबून, माझ्याकडे बघून, पुन्हा एकदा म्हणाल्या.

मी जेवलो. तात्या, पोटभर जेवलो.