चित्रात नसलेली आई

माझी मुलगी वाचायला बसली की तिला हाक मारण्यात अर्थ नसतो. दहा वर्षांची आहे, आणि पुस्तकात डोकं घातलं की जे. पी. नगरमधलं आमचं घर, गॅसवरचं दूध, जन्मदाती आई, सगळं तिच्या लेखी संपतं. त्यामुळे त्या रविवारी सकाळी ती आपणहून पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

"मम्मा, यातली आई मरते," ती म्हणाली. "तू तर म्हणालीस ती बरी होऊन घरी येते."

"येतेच," मी कणीक मळता मळता म्हणाले. "येते आणि मुलींना गोड आप्पे करून घालते. नीट वाच."

"नीटच वाचलं. सातव्या चॅप्टरमध्ये मरते. आणि आप्पे नाहीयेत कुठे."

पुस्तक मीच तिला आणून दिलं होतं. एका थंड देशातल्या तीन बहिणींची ती जुनी गोष्ट. नदीकाठी सफरचंदांची बाग, दोन गायी, लाकडाच्या वखारीत कामाला जाणारे वडील आणि हिवाळ्यात आजारी पडलेली आई. नव्याने छापलेलं ते पुस्तक दुकानात दिसलं तेव्हा मला बालपणीची मैत्रीण भेटल्यासारखं झालं होतं.

मी आठ वर्षांची असताना आईनं मला ते वाचून दाखवलं होतं. वाचून म्हणजे आमच्या पद्धतीनं. वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर, आम्ही राहायला बंगळूरच्या बनशंकरीत. मराठी पुस्तकं मे महिन्यात पुण्याहून येताना ट्रंकेत घालून आणायची, ती जून संपायच्या आत वाचून व्हायची. मग वर्षभर लायब्ररीतली इंग्रजी पुस्तकं. आई डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची, मध्ये क्षणभरही न थांबता. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत तेव्हा हे असंच चाले, त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नसे. त्या मराठीत बंगळूरही भरपूर मिसळलेलं असायचं. थोरल्या बहिणीला धाकट्या 'अक्का' म्हणायच्या. केकचे आप्पे व्हायचे. ती सफरचंदांची बाग शहराबाहेर आनेकलच्या पुढे कुठेतरी असणार, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते, कारण बसच्या खिडकीतून मी पाहिलेल्या गायी तिथल्याच होत्या.

त्या पुस्तकानं मी थक्क झाले होते, पण ते बर्फामुळे नाही. दोन बहिणी एका कंगव्यावरून भांडतात, त्यावर कुणीतरी अख्खं पान लिहितं, ते छापलं जातं आणि समुद्र ओलांडून बनशंकरीत येतं, याचं मला नवल वाटलं होतं. म्हणजे वेण्या, रुसवे, आईनं कुणाच्या ताटात जास्त वाढलं याच्या तक्रारी, हे सगळं पुस्तकात घालण्याइतकं मोठं असतं तर. आता माझी मुलगी आजची पुस्तकंही वाचते. त्यांतले आईबाबा वेगळे राहतात, मुलगी दोन्ही घरी एकेक टूथब्रश ठेवते, आजी व्हिडिओ कॉलवर रागावते. भांडण मात्र अजून कंगव्यावरूनच होतं. मला हे वाचून अजूनही तितकंच नवल वाटतं, आणि कुणी मुलांच्या पुस्तकांना किरकोळ म्हटलं की मी भांडायला उठते.

तर कणकेचे हात धुऊन मी पुस्तक घेतलं. सातव्या प्रकरणाच्या शेवटी ती बाई खरंच मेली होती, दोन ओळींत. मी तिथेच स्टुलावर बसून पुढचं वाचत सुटले. वसंतातल्या जत्रेत धाकटीला रिबीन बांधणारी आई मला स्वच्छ आठवत होती. छापलेल्या पुस्तकात ती शेजारीण होती. गाय व्यायली तेव्हा कंदील धरून आई उभी होती. इथे कंदील खुंटीला टांगलेला. शेवटच्या पानावर सगळे जेवायला बसल्याचं चित्र होतं, तेही मला आठवत होतं. त्यात आई नाही म्हणून मी विचारलंही होतं, आणि आई म्हणाली होती, "ती आत पोळ्या करतेय." मला ते तत्काळ पटलं होतं. सगळे जेवत असताना आई आत असते, यात शंका घेण्यासारखं काय आहे?

म्हणजे अर्धं पुस्तक माझ्या आईनं रचलं होतं. डोळ्यांसमोर छापलेलं एक आणि तोंडात दुसरंच, तेही संध्याकाळच्या संध्याकाळ, आणि एकदाही अडखळली नव्हती. मी घरात साधी वाढदिवसाची भेट लपवू शकत नाही.

दुपारी आम्ही दोघी बनशंकरीला गेलो. हिवाळा होता, आई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. नातीनं चपलासुद्धा धड काढल्या नाहीत.

"आजी, तू चीटिंग केलीस," ती म्हणाली आणि सातव्या प्रकरणाचं पान तिच्यासमोर धरलं.

आईनं चष्मा लावला, पान पाहिलं आणि हसायला लागली. "अगंबाई, ही चोरी सापडली का शेवटी तुम्हाला?"

"पण का बदललंस?" नातीनं विचारलं.

"माझ्या पोटात गाठ निघाली होती तेव्हा," आई म्हणाली. "काढून तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि त्याच आठवड्यात पुस्तक या पानावर आलं. मी दुपारी पुढचं चाळून ठेवायची, अवघड शब्दांसाठी. बघते तर बाई गेलेली. तुझी आई एवढीशी. तिला संध्याकाळी हे ऐकवायचं आणि दोन दिवसांनी मी बॅग घेऊन निघायचं? म्हटलं, जगू दे बाईला. आणि एकदा जगवल्यावर पुढे सांभाळावी लागलीच. जत्रेला न्या, गोठ्यात न्या. दमले मी."

आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती घरी आली होती, एवढंच मला ठाऊक होतं. गाठ साधी निघाली म्हणून ती आज शेंगा सोलत होती. पण काही दिवस या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी त्या दिवसांत पोटभर आप्पे ऐकत होते. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्याकडे असं उगाच कुणी पाया पडत नाही, म्हणून मी मूठभर शेंगा पुढे ओढल्या.

"एकच घोळ झाला," आई मला म्हणाली. "ह्यांना सांगायचं राहिलं. 'रोज पोरीला एक प्रकरण वाचून दाखवा' इतकंच बोलून मी हॉस्पिटलात गेले. ह्यांचा स्वभाव तर असा, कारखान्यात तपासणी विभागात, छापलेला शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मला टाक्यांपेक्षा त्याचीच धास्ती. घरी आले तर तू आल्या आल्या म्हणालीस, सोडलं होतंस तिथून वाच. तेव्हा समजलं, ह्यांनी पुस्तक उघडलंच नाही. बोलले मी त्यांना. तर म्हणाले, 'राहिलं खरं.'"

तिनं टरफलं बाजूला सारली.

"त्याचा राग नाही गं. पण मी जगते की मरते कळत नव्हतं, आणि ह्या माणसानं एकदा विचारलं नाही, तुला भीती वाटते का. ऑटोत बसवलं, फाइल हातात दिली, झालं. ते गेले, तरी ते मनातून जात नाही."

बाबा जाऊन चार वर्षं झाली आहेत.

"आई, त्यांनी वाचलं होतं," मी म्हणाले. "रोज वाचलं होतं."

कारखान्यातून हॉस्पिटल, हॉस्पिटलातून घर, आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन पहिलं ते पुस्तक. ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि एकेका वाक्यानंतर इतका वेळ थांबायचे की बाबांचं इंग्रजी कच्चं आहे अशी माझी समजूत झाली होती. म्हणूनच त्यांचं वाचन मी जमेत धरलं नाही आणि आई आल्यावर पुन्हा मागून वाचायला लावलं. त्यांच्या वाचनात मला एरवीही रस नव्हता. त्यातली आई सारखी काहीतरी दुरुस्त करत असायची. पंप, गोठ्याची कडी, शिवणयंत्र. आई पुन्हा वाचताना हे आलं नाही, तेव्हा तिनं ते मनात वाचून कंटाळवाणं म्हणून गाळलं असेल, असं मी धरून चालले.

आईनं विचारलं, "ती जिवंत होती त्यांच्या गोष्टीत?"

"जिवंत काय, छपरावर चढून कौलं बसवायची."

माझी मुलगी भराभर पानं उलटत होती. "पंप नाहीये कुठेच," ती म्हणाली.

"बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे," आई हळूच म्हणाली. "मी वाचायची तेव्हा. म्हणजे ऐकत होते."

"आणि प्रकरण संपताना दर वेळी तो नवरा वखारीतून यायचा," मी म्हणाले. हेही छापलेलं नसणार, हे मला बोलता बोलताच कळत होतं. "टोपी काढायचा, बायकोजवळ बसायचा आणि विचारायचा, आज कसं वाटतंय? भीती वाटते का?"

"ती काय म्हणायची?"

"म्हणायची, 'स्वल्प वाटते.' मग तो म्हणायचा, 'सरी, ठीक आहे, मी इथे बसतो.' आणि बाबा पुस्तक मिटायचे."

आई रडायला लागली. तोंड न लपवता, लहान मुलीसारखी रडली. नात तिला जाऊन चिकटली.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस मला," आई म्हणाली.

"मला वाटलं, पुस्तकातलंच आहे," मी म्हणाले. "तू वाचलं असशील."