‘घर व कुटुंब’ कपाटातली अवकाशयानं

वाचनालयातल्या भागूबाईचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. भित्री म्हणून भागूबाई. तिनंही कधी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायचीच तिला भीती. फोन वाजला की पोटात गोळा, शिडीची तिसरी पायरी आली की पाय लटपट. अशा बाईनं पुस्तकांच्या देवघेवीची खिडकी चोवीस वर्षं सांभाळली, तीही एक चूक न करता. निदान तिचा तसा समज होता, आणि त्या समजावरच तिला रोज दोन घास सुखानं जात होते.

सोमवारी ग्रंथपाल साहेबांनी मागच्या खोलीतली कपाटं उपसायला सांगितली. पाच वर्षांत कुणी हात न लावलेली पुस्तकं शनिवारी रद्दीत जायची होती. ‘घर व कुटुंब’मध्ये विणकामाच्या दोन पुस्तकांमधून तिनं एक जाडजूड पुस्तक ओढलं, ते हातातून निसटलं आणि उघडंच पडलं. पानावर एक म्हातारी अवकाशयानाचं दार आतून लावून घेत होती.

भागूबाईनं दुसरं काढलं. त्यात समुद्राच्या तळाशी वसलेलं शहर. तिसऱ्यात एक राणी मेलेल्यांशी बोलत होती. सगळी बायकांनी लिहिलेली. ‘अपंग कल्याण’मध्ये एका बहिऱ्या लेखकाची चंद्रावरची कादंबरी निघाली, आणि ‘जमाती व चालीरीती’मध्ये पालात वाढलेल्या एका भटक्या लेखकाची जादूच्या राज्याची गोष्ट. दुपारपर्यंत एकतीस झाली. हा शहाणपणा केला कुणी, म्हणून तिनं पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डांचा खण ओढला. कार्डांवरचं अक्षर टपोरं, डावीकडे झुकलेलं होतं. तिचंच.

नोकरीच्या सुरुवातीला गठ्ठेच्या गठ्ठे यायचे, उघडून बघायला फुरसत कुणाला? बाईचं नाव दिसलं की ‘घर व कुटुंब’, संपला विषय! त्यातच शिवणवाल्या काकू आठवल्या. शिलाईचं दुकान बंद करून त्या दर शनिवारी यायच्या आणि विचारायच्या, “बाईनं लिहिलेलं काही आहे का गं, ग्रहताऱ्यांचं, जादूचं?” आणि भागूबाईनं, जिनं जन्मात दुसरं काही छातीठोकपणे सांगितलं नसेल तिनं, सांगितलं होतं, “बायका असलं नाही लिहीत, काकू.” काकू शनिवारी अजूनही यायच्या, पण विचारणं त्यांनी सोडलं.

चार दिवस तिला अन्न गोड लागेना. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गप्प बसलं की शनिवारी सगळंच मिटणार होतं. शुक्रवारी ती साहेबांच्या टेबलाला धरून उभी राहिली आणि कसंबसं सगळं बोलली.

“कुणाला कळलंय?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर. उद्या रद्दीवाला येतोय. चोवीस वर्षं तुमच्या नावाला डाग नाही बाई, कशाला लावून घेता?”

साहेब इतक्या मायेनं बोलले की तिला जास्तच भीती वाटली. हो म्हणणं फार सोपं होतं. “नको, साहेब,” ती म्हणाली. “कादंबऱ्यांत लावते. कार्डं नवी करते. चूक माझी म्हणून लिहून देते.”

साहेबांनी कपाळावर हात मारला, पण कागद पुढं सरकवला.

शनिवारी एकतीस पुस्तकं खिडकीपाशी टेबलावर मांडून भागूबाई बसली होती. काकू येताना दिसल्या आणि ती उठून उभी राहिली. त्या ओरडतील, चारचौघांत लाज काढतील, ही तयारी तिनं मनाशी केली होती. कुठंही न थांबता तिनं सांगून टाकलं.

काकू ओरडल्या नाहीत. एकेक पुस्तक उचलून वरचं नाव वाचायचं आणि खाली ठेवायचं, असं त्यांचं चाललं होतं.

“इतक्याजणी,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मी पण लिहिलं होतं.”

“काय?”

“असंच. दोन वह्या भरल्या होत्या. तू म्हणालीस बायका असलं लिहीत नाहीत. मला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. कुणाच्या हाती लागल्या तर हसतील म्हणून फाडून शेगडीत घातल्या.”

साहेबांना आपण उगीच घाबरलो, हे भागूबाईला तेव्हा कळलं. घाबरायला हवं होतं ते याला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काय होतं त्यात, काकू?” तिनं विचारलं.

काकू बाकावर टेकल्या. “एक मुलगी होती,” त्यांनी सुरुवात केली. मग बराच वेळ आठवत राहिल्या.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “गेलं.”