पाय उचलणारे उंदीर

धानकापणीत आईच्या उजव्या मनगटावर इळा बसला. लाखांदूरच्या दवाखान्यात नेऊन टाके घातले, जखम भरली, आणि आईचं दुखणं संपलं असं घरादारानं ठरवून टाकलं. आईला मात्र त्या हातात बांगडी सोसवत नव्हती. नुसता पदर घासला तरी ती हात झटकायची, आत आग लागते म्हणायची. "जखम तं भरली, मंग दुखते कायले?" असं बाबा विचारायचे. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बाया तर तोंडावर हसायच्या. कामचुकारपणाला इतकं छान कारण त्यांना कधी सापडलं नव्हतं ना!

मी तोवर शिकून पुण्याला एका प्रयोगशाळेत लागले होते. तिथं आम्ही नेमकं हेच दुखणं शमवायला बघत होतो. नसेला इजा झाली की जखम भरल्यावरही ती मेंदूला 'दुखतंय' म्हणून कळवत राहते, कारण तिच्यातली काही जनुकं नको तितकी कामाला लागलेली असतात. जनुकाकडून निघालेला निरोप पेशीनं वाचायच्या आधीच फाडून टाकायचा, असं आमचं औषध. जनुक जागेवर राहतं, पण त्याचं काही चालत नाही. हे सगळं अजून उंदरांवरच.

रोवणीच्या तोंडावर घरी आले, तेव्हा चुलीपाशी बसून आईला हे सांगितलं. तिनं भलतंच विचारलं.

"उंदराले दुखते हे तुमाले कसं समजते?"

"नायलॉनचा बारीक धागा तळपायाले टेकवतो. पाय उचलला का समजाचं, दुखते."

"आन तुमी खरं मानता?"

"मानतो ना."

"कोनी म्हणत नाई, नखरे करते मनून?"

मला रडूच कोसळलं.

बाबा ओसरीतून ऐकत होते. ते आत आले. "थे औषध घेऊन ये मंग. रोवणीच्या आत हिचा हात चालला पायजे."

हात दुखतो हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं, तेही पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं लावायला माणसं कमी पडत होती म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी सांगावंच लागलं, की माणसाला देण्याजोगं आमचं औषध अजून झालेलं नाही, होईल की नाही तेही ठाऊक नाही. उंदरांनासुद्धा थोडेच दिवस गुण येतो.

"औषधच नाई, तं दुखनं कायचं?" बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

सकाळी आई रोवणीसाठी शेतात, बांधीवर निघाली. मी दारात आडवी उभी राहिले, बाबांना नाही नाही ते बोलले, जाऊ नको म्हणून तिच्या विनवण्या केल्या. उजवा हात छातीशी धरून तिनं डाव्या हातानं मला बाजूला सारलं.

"तू जाय तुया उंदरायकडे. त्यायले तरी बरं वाटू दे."