विहीर ती, पाणी ते

फाळणीनंतर कल्याण कॅम्पातल्या बराकीत आलेला एक सिंधी रोज आमच्या गावात पापड विकायला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. दिसेल त्या वस्तूवर हात ठेवून विचारायचा, "साईं, दोर? तो, ती की ते?" ते कळल्याशिवाय शब्द तोंडात घ्यायचा नाही. मी दुसरीत शाळा सोडली, पण त्याचा मास्तर मीच. 'ते' काही त्याला पटेना.

"बाप तो, आई ती. मग ते कोण, साईं?"

"लेकरू," मी म्हणालो.

वैशाखात बराकीतलं पाणी बंद झालं. हंडा घेऊन हा आमच्या विहिरीवर आला. मागे बायको, तिच्या कडेवर तापलेलं पोर. गावकरी आडवे आले. पोलीस पाटलाच्या भावाने काठी आडवी धरली.

"मराठीत माग, मग बघू!"

सगळे हसले. तो चुकला असता तर नाक माझंच कापलं जाणार होतं.

त्याने रोजच्यासारखा काठावर हात ठेवला. ओठ हलले. मग म्हणाला, "विहीर तुमची. दोर तुमचा. पाणी कुणाचं?"

हसणं थांबलं, पण काठी हलली नाही.

आपला पोहरा परक्याच्या हाती द्यायची आमच्यात रीत नव्हती. मी माझा पोहरा त्याच्या हातात दिला आणि काठीवाल्याला म्हणालो, "पोहरा माझा आहे. सरक."

तो सरकला, पण काठी खाली ठेवली नाही. सिंध्याने पोहरा आत सोडला. हंडा भरेपर्यंत मी त्या काठीवरून नजर काढली नाही.